अकोले तालुक्यातील डोंगरी बाजारगावे: प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीच्या माथ्यावर पसरलेला अकोले तालुका बहुतेकांना सुट्या सुट्या नावांनी माहीत असतो. कळसूबाई, भंडारदरा, रतनगड, सांदण दरी आणि हरिश्चंद्रगड ही सगळी ठिकाणे एकाच तालुक्याशी बांधलेली आहेत, हे अनेकदा येऊन गेलेल्यांच्याही लक्षात आलेले नसते. शनिवारी रात्री निघायचे, एक शिखर किंवा एक धबधबा पाहायचा आणि रविवारी संध्याकाळी घाटातल्या वाहनांच्या रांगेत उभे राहायचे, अशी ही सहल होऊन बसली आहे. या तालुक्याची खरी ओळख त्याच्या बाजारगावांतून होते, असे माझे ठाम मत आहे. अकोले, राजूर, शेंडी, कोतूळ आणि समशेरपूर ही ती गावे होत. डोंगरातील वाड्यावस्त्यांचा सगळा व्यवहार त्यांच्याशी जोडलेला असतो, आणि येथे मुक्काम केला की पुढचे रस्ते, माणसे आणि ठिकाणे आपोआप उलगडत जातात. म्हणून पुढील मार्गदर्शन शिखरांऐवजी गावांच्या क्रमाने केले आहे.

आधी तीन नद्या समजून घ्याव्यात

निघण्यापूर्वी तालुक्याचा नकाशा समोर ठेवून त्यावर तीन नद्या शोधाव्यात. मधली प्रवरा. ती रतनगडाच्या परिसरात उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणात अडते आणि पुढे रंधा, निळवंडे व अकोले असा प्रवास करत संगमनेरकडे जाते. दक्षिणेची मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूचे पाणी घेऊन अंबित आणि कोतूळवरून उतरते. उत्तरेची आढळा पट्टा किल्ल्याच्या डोंगररांगेकडून येऊन समशेरपूर, टाहाकारी आणि देवठाणवरून वाहते. या तिन्ही खोऱ्यांमध्ये आडव्या डोंगररांगा असल्यामुळे नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन गावांमध्ये प्रत्यक्षात मोठा वळसा असू शकतो. नवख्या प्रवाशाचे वेळापत्रक बहुधा याच कारणाने कोलमडते. एका दिवसात एकच खोरे पाहावे, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ धावपळ वाचते.

दुसरा फरक पावसाचा आहे. पश्चिमेकडील उंच, अतिपावसाच्या भागाला स्थानिक लोक डांगाण म्हणतात. त्यातील घाटघर, रतनवाडी आणि पांजरे या परिसरात इतका पाऊस पडतो की घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हटले जाते. तेथून पूर्वेकडे येता येता पाऊस झपाट्याने कमी होतो आणि भाताच्या खाचरांची जागा बाजरी, कांदा आणि ऊस घेतात. त्यामुळे अकोले शहरात ऊन पडलेले असताना रतनवाडीत छत्री उघडणेही कठीण असते. अकोल्यात आकाश मोकळे दिसले म्हणून अंगावरचे रेनकोट खोलीवर ठेवून पुढे जाऊ नये.

कोणत्या ऋतूत काय मिळते

पहिल्या भेटीसाठी ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ मी सर्वांत योग्य मानतो. पाऊस उघडलेला असतो, ओढ्यांना पाणी असते, खाचरांत भाताची सोंगणी चाललेली असते आणि किल्ल्यांच्या वाटा वाळलेल्या असतात. जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा जलाशयाच्या काठी राहणार असल्यास अंथरूण-पांघरुणाची चौकशी आधी करावी.

मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या उत्तरार्धापर्यंत काजव्यांचा काळ असतो. पहिल्या पावसाच्या आगेमागे हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ यांसारखी झाडे रात्री लाखो काजव्यांनी लखलखतात. हे दृश्य पाहण्याची इच्छा कोणालाही होईल, परंतु शनिवार-रविवारी येथे येणाऱ्या वाहनांची संख्या या अरुंद रस्त्यांना पेलत नाही. काजव्यांचा प्रकाश हा नर-मादीने एकमेकांना शोधण्याचा संकेत असतो आणि गाडीचे दिवे, विजेऱ्या व मोबाइलचे फ्लॅश त्या संकेतात अडथळा आणतात. झाडाखाली गवतातही काजवे बसलेले असतात, म्हणून जवळ जाऊन फांद्या हलवणे तर दूरच, पायवाट सोडून चालणेही टाळावे. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी यावे, गाडी गावात उभी करावी आणि गावातील वाटाड्याबरोबर अंधारातच पायी जावे.

जुलै-ऑगस्टमध्ये निसर्ग सर्वांत सुंदर आणि प्रवास सर्वांत बेभरवशाचा असतो. दरडी कोसळतात, धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही, ओढे तासाभरात चढतात. सांदण दरी या काळात पूर्णपणे वर्ज्य समजावी. ती दोन उभ्या कड्यांमधील अरुंद घळ आहे आणि वरच्या पावसाचे पाणी तिच्यातून लोंढ्याने येते. याच दिवसांत गावोगाव भाताची आवणी चालू असते. घरातील प्रत्येक माणूस चिखलात उतरलेला असतो, तेव्हा वाटाड्या किंवा जेवण वेळेवर मिळाले नाही तर तक्रार करू नये.

एप्रिल-मेमध्ये चित्र पूर्ण बदलते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण येथील अनेक वाड्यांना शब्दशः लागू पडते, कारण जलाशय खाली असतो, वस्ती वर असते आणि विहिरी आटलेल्या असतात. या दिवसांत गेल्यास पिण्याचे पाणी सोबत न्यावे. मुक्कामाच्या घरी पाणी वापरताना ते कोणीतरी डोक्यावरून आणलेले असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

पोहोचण्याचे मार्ग

मुंबईकडून येणाऱ्यांनी कसारा घाट चढून इगतपुरीपुढील घोटी गाठावे आणि तेथून कोल्हार-घोटी रस्त्याला लागावे. हा रस्ता बारीवरून शेंडीकडे येतो आणि पुढे राजूर व अकोल्यावरून संगमनेरकडे जातो. तालुक्याचा कणा हाच आहे. रेल्वेने येणाऱ्यांना इगतपुरी किंवा कसारा ही स्थानके सोयीची पडतात आणि तेथून घोटीपर्यंत वाहने मिळतात. पुण्याकडून येणाऱ्यांसमोर दोन पर्याय असतात. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर असा महामार्गाने प्रवास करून अकोल्यात यावे, किंवा आळेफाट्यापुढे बोट्याहून ब्राह्मणवाडा व कोतूळमार्गे राजूर गाठावे. दुसरा मार्ग वळणांचा आहे, परंतु मुळेचे खोरे पाहायचे असल्यास तोच घ्यावा, आणि दिवसाउजेडी घ्यावा.

एसटीने येणाऱ्यांनी तिकीट काढताना अकोले आणि विदर्भातील अकोला यांत गल्लत होत नाही ना, हे पाहावे. आरक्षणाच्या यादीत ही दोन नावे जवळजवळ येतात आणि दोन ठिकाणांत निम्म्या महाराष्ट्राचे अंतर आहे. अकोल्यात एसटीचे आगार आहे. तेथून राजूर, कोतूळ, समशेरपूरकडे गाड्या सुटतात, मात्र डोंगरातील गावांकडे जाणाऱ्या फेऱ्या मोजक्याच असतात. त्यांतील काही गाड्या मुक्कामी असतात, म्हणजे संध्याकाळी गावात जातात, चालक-वाहक तेथेच रात्र काढतात आणि पहाटे तीच गाडी विद्यार्थी, दुधाचे कॅन आणि बाजारकरी घेऊन परत फिरते. पायी हिंडणाऱ्या प्रवाशाला या मुक्कामी गाडीइतके सोयीचे वाहन दुसरे नाही. संध्याकाळी तिने वर जावे, रात्री गावात राहावे आणि गड पाहून दुसऱ्या दिवशी उतरावे. वेळा मात्र फलकावर विसंबून न राहता वाहतूक नियंत्रकाला समक्ष विचाराव्यात, कारण शाळेच्या सुट्टीत आणि पावसात फेऱ्या बदलतात.

स्वतःची गाडी असल्यास इंधन घोटी, अकोले किंवा राजूर येथेच भरून घ्यावे आणि पुढे कोठे पंप मिळेल यावर भिस्त ठेवू नये. रोख रक्कमही याच गावांतून काढावी. मोबाइलची रेंज खोऱ्याखोऱ्याला बदलते आणि अनेक वाड्यांत अजिबात नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवावा, आणि घरच्यांना आपण कोणत्या गावी मुक्कामाला आहोत हे अगोदर कळवून ठेवावे.

पहिला टप्पा: अकोले

अकोले हे तालुक्याचे ठिकाण प्रवरेच्या काठी आहे. येथे बहुतेक प्रवासी चहापुरते थांबतात, हे मला फार खटकते. नदीकाठचे सिद्धेश्वराचे प्राचीन मंदिर नीट पाहण्यासारखे आहे. खांबांवरील आणि छतावरील कोरीव काम पाहण्यास सकाळचा तिरपा प्रकाश चांगला. गावाजवळच अगस्ती ऋषींचा आश्रम असून महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. त्या दिवशी आल्यास गाडी बाहेरच सोडावी लागेल, हे गृहीत धरावे.

पहिल्या दिवशी अकोल्यात उतरून बाजार करावा, औषधे घ्यावीत, एसटीच्या वेळा टिपाव्यात आणि मगच डोंगराकडे वळावे. येथे आणि राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. विंचू-सर्पदंशाच्या प्रसंगी घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने यांपैकी जवळचे रुग्णालय गाठावे.

दुसरा टप्पा: राजूर आणि तेथील बाजार

अकोल्याहून वीस-बावीस किलोमीटरवर राजूर आहे आणि डांगाणाचे हे खरे दार आहे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्यांतील माणसे कागदपत्रांसाठी, शाळा-वसतिगृहांसाठी, दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी येथे येतात. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही येथेच आहे. आपल्या प्रवासात राजूरच्या आठवडे बाजाराचा दिवस यावा अशी आखणी अवश्य करावी. तो वार अकोल्यात कोणत्याही दुकानदाराला विचारला तरी कळतो.

बाजारात सकाळी लवकर जावे, कारण लांबच्या वाड्यांतील बायका दुपारनंतर गाडी गाठण्यासाठी निघू लागतात. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या या बायकांपुढे काय मांडलेले आहे, यावरून कोणता महिना चालू आहे हे कळते. पावसाच्या सुरुवातीला भारंगी, चाईचा मोहर आणि इतर रानभाज्यांचे वाटे असतात. उन्हाळ्याच्या शेवटी पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे असतात. दिवाळीनंतर नवा तांदूळ, नागली, वरई आणि काळीशार खुरासणी येते. एका बाजूला सुकट-बोंबिलाचा घमघमाट, दुसऱ्या बाजूला विळे-कोयत्यांना धार लावणारा, मध्ये घोंगड्या आणि इरल्याऐवजी आता सर्रास वापरले जाणारे प्लॅस्टिकचे कागद. वाळवलेला बाळहिरडा विकायला आलेली माणसेही दिसतात. औषधासाठी वापरला जाणारा हा कच्चा हिरडा अनेक कुटुंबांच्या हातात रोख पैसा आणतो. रानभाजी घेतल्यास ती कशी शिजवायची हे विकणाऱ्या मावशींनाच विचारावे, कारण काही भाज्या आधी उकडून पाणी टाकून द्याव्या लागतात. वाट्यासाठी घासाघीस करू नये. ती भाजी खुडण्यासाठी सकाळचा डोंगर चढावा लागलेला असतो.

राजूरचा पेढा प्रसिद्ध आहे आणि तो घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. हिवाळ्यात येथे डांगी जनावरांचे प्रदर्शनही भरते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली ही जनावरे तेलकट कातडीमुळे मुसळधार पावसातही कामाला टिकतात आणि भातशेतीचा सगळा डोलारा आजवर त्यांच्यावर उभा राहिला आहे. त्या काळात जाणे झाले तर एक पूर्ण दुपार त्यासाठी राखावी.

तिसरा टप्पा: शेंडी, भंडारदरा आणि जलाशयाभोवतीची गावे

ज्याला सगळे भंडारदरा म्हणतात, तेथील वस्ती, दुकाने आणि खानावळी प्रत्यक्षात शेंडी गावात आहेत. एसटीतही शेंडीचेच तिकीट मागावे. येथील धरणाचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झाले आणि त्यावेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. जलाशयाला आता राघोजी भांगरे यांचे नाव दिलेले आहे. ब्रिटिशांविरुद्ध आणि सावकारीविरुद्ध उठाव करणारे राघोजी याच तालुक्यातील देवगावचे होते. त्यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या धरणाच्या पाण्यावर खालच्या प्रवराकाठची उसाची शेती आणि साखर कारखानदारी उभी राहिली. संगमनेरपासून श्रीरामपूरपर्यंतचा हिरवागार पट्टा पाहून आलेल्या प्रवाशाने ते पाणी कोणाच्या डोंगरावर पडते, हे येथे येऊन पाहावे असे मला मनापासून वाटते.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद आणि रतनवाडी अशा गावांतून जातो. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती जपून ठेवावी आणि तंबू ठोकणे, शेकोटी, रात्रीचा गडमुक्काम यांविषयीचे चालू नियम तेथेच विचारून घ्यावेत. घाटघरच्या कड्यावर उभे राहिले की खाली कोकणाचे जंगल आणि शहापूरकडील सपाटी दिसते. कठडा सोडून पुढे जाऊ नये, कारण कड्याच्या तोंडाशी वारा अनपेक्षितपणे बदलतो.

रतनवाडीस किमान अर्धा दिवस द्यावा. येथील अमृतेश्वराचे मंदिर शिलाहार काळातील मानले जाते. त्याच्या शिखरावर लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळींनी वर चढत जातात आणि त्या ओळींमधील उभे कोरीव पट्टे पायथ्यापासून थेट वर पोहोचतात. प्रथम मंदिराला बाहेरून सावकाश एक प्रदक्षिणा घालावी, मग सभामंडपात जाऊन डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे, म्हणजे खांबांवरील आकृती दिसू लागतात. जवळच्या पुष्करणीच्या भिंतींत देवळीवजा कोनाडे असून त्यांत मूर्ती आहेत. या कोनाड्यांवर पाय देऊन छायाचित्रे काढणारे लोक पाहिले की मला अतिशय वाईट वाटते. आपण तसे करू नये आणि बरोबरच्यांनाही करू देऊ नये. रतनगडाची चढाई येथूनच सुरू होते. वाट दाट जंगलातून आणि पुढे शिड्यांवरून जाते, म्हणून प्रथमच येणाऱ्यांनी गावातील वाटाड्या घ्यावा.

रंधा धबधबा राजूर-शेंडी रस्त्यालगत आहे. त्याचे पाणी धरणातील विसर्गावर अवलंबून असते, त्यामुळे पाऊस पडत असतानाही तो बारीक दिसू शकतो आणि कोरड्या दिवशी अचानक फुगूही शकतो. पात्रात उतरणे येथे जिवावर बेतू शकते.

कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंचीचे, राज्यातील सर्वोच्च. पायथा बारी गावात असून चढायला साधारण तीन ते चार तास लागतात आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पहाटे निघावे. माथ्यावरील देवी परिसरातील अनेक कुटुंबांची श्रद्धास्थान आहे आणि नवरात्रात तेथे भाविकांची रीघ लागते. त्या दिवसांत शिड्यांवर भाविकांना आधी वाट द्यावी.

मुळा आणि आढळेची खोरी

दुसऱ्या भेटीसाठी हे दोन भाग राखून ठेवावेत. राजूरहून शिरपुंजे, अंबित असा रस्ता पाचनईला जातो आणि हरिश्चंद्रगडाची सर्वांत सोपी वाट तेथून चढते. गडावरील हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, केदारेश्वराच्या गुहेतील पाण्यात उभे असलेले भव्य शिवलिंग आणि कोकणकडा यांसाठी एक संपूर्ण दिवस लागतो. खाली कोतूळ हे मुळाकाठचे जुने बाजारगाव आहे. तेथून डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेल्या फोफसंडीकडे रस्ता जातो. उंच कड्यांमुळे तेथे सूर्य उशिरा दिसतो आणि लवकर मावळतो, म्हणून परतीचा प्रवास दुपारीच सुरू करावा.

आढळेच्या बाजूला पर्यटक क्वचितच फिरकतात. टाहाकारीचे जगदंबेचे यादवकालीन मंदिर तीन गाभाऱ्यांचे असून त्याच्या बाह्य भिंतीवरील शिल्पे पाहण्यात दोन तास सहज जातात. त्याच्या वरच्या अंगाला पट्टा किल्ला आहे. जालन्याच्या मोहिमेवरून परतताना १६७९ साली शिवाजी महाराजांनी येथे विश्रांती घेतली, त्यावरून त्याला विश्रामगड म्हणतात. याच तालुक्यातील कोंभाळणे येथे देशी बियाणांच्या जतनाबद्दल पद्मश्रीने गौरवलेल्या राहीबाई पोपेरे यांची बीजबँक आहे. ती पाहायची असल्यास आधी कळवून, वेळ ठरवून जावे, आणि पेरणीच्या दिवसांत जाणे टाळावे.

मुक्काम आणि गावातील वागणूक

भंडारदऱ्याला पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे आणि जलाशयाकाठी तंबूंचे असंख्य तळ झाले आहेत. मी मात्र गावातील घरी राहण्याचाच सल्ला देईन. रतनवाडी, साम्रद, पाचनई, बारी या गावांत अनेक घरे मुक्कामाची आणि जेवणाची सोय करतात. निदान एक दिवस आधी फोन करून माणसांची संख्या सांगावी, म्हणजे पीठ-मीठ राजूरहून आणता येते. जेवणात तांदळाची किंवा नागलीची भाकरी, वरण-भात आणि झणझणीत रस्सा मिळतो. दर आधीच विचारावा आणि निघताना न मागता पूर्ण द्यावा.

गावात शिरताना ‘राम राम’ म्हणावे. वयस्कर माणसांना बाबा किंवा मामा, बायकांना मावशी किंवा ताई म्हणून हाक मारली की संकोच मिटतो. घरांची, अंगणात काम करणाऱ्या बायकांची आणि मुलांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. मुलांना गोळ्या-चॉकलेटे किंवा पैसे वाटू नयेत, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे धावण्याची सवय लागते. काही द्यायचेच असेल तर शाळेत जाऊन गुरुजींना भेटावे. खाचरांच्या बांधांवरून चालताना एकामागे एक चालावे, कारण बांध फुटला तर पाणी वाहून जाते आणि वरून खालपर्यंतच्या सगळ्या खाचरांचे नुकसान होते. मोठ्या आवाजातील गाणी आणि दारू या दोन गोष्टींनी जलाशयाकाठच्या गावांना अतोनात त्रास झालेला आहे, त्या आणूच नयेत. कचरा गावात टाकल्यास तो उचलून नेणारी यंत्रणा तेथे नाही, म्हणून प्लॅस्टिक पिशवीत भरून अकोले किंवा घोटीपर्यंत परत न्यावे.

परत निघताना तांदूळ, नागली किंवा मध घ्यायचा असेल तर मुक्कामाच्या घरीच विचारावा. काळभात, जिरवेल यांसारखे जुने सुवासिक वाण अजून काही घरी पिकतात, आणि थेट शेतकऱ्याच्या हाती पैसे पडतात. रविवारी मुंबईकडे परतणाऱ्यांनी दुपारी दोनच्या आत शेंडी सोडावी, म्हणजे घोटीची कोंडी टळते. पुण्याकडे जाणाऱ्यांनी कोतूळ-ब्राह्मणवाडा रस्ता घेणार असल्यास अंधारापूर्वी महामार्ग गाठता येईल असा हिशेब ठेवावा, आणि उशीर झालाच तर सरळ अकोले-संगमनेर मार्गाने जावे.